हिराबाग : नावात उरलेले उद्यान

स्वारगेटहून टिळक रस्त्याने स. प. महाविद्यालयाकडे निघाले की हिराबाग चौक लागतो. मार्केट यार्ड, लक्ष्मी रोड आणि पेठा यांच्यामध्ये व्यापारानिमित्त सतत ये-जा करणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांच्या हा रोजच्या वाटेवरचा चौक आहे. येथे ‘बाग’ कोठे होती, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणाच्या मनात येतो.

ही बाग नानासाहेब पेशव्यांची. १७४० ते १७६१ या त्यांच्या कारकिर्दीत पुणे खऱ्या अर्थाने राजधानी झाले. कात्रजचे पाणी भूमिगत नळांवाटे शहरात आले. १७४९ मध्ये पर्वतीच्या टेकडीवर देवदेवेश्वराचे मंदिर उभे राहिले. पायथ्याशी आंबिल ओढ्याचे पाणी अडवून विस्तीर्ण तलाव निर्माण करण्यात आला. त्याच्या मध्यावर राखलेल्या बेटावर सारसबाग फुलली आणि उत्तरेच्या अंगाला हिराबाग हे उद्यान व त्यातील विश्रामगृह उभे राहिले. टेकडीवर देवालय, मध्ये जलाशय आणि अलीकडे उद्यानगृह, अशी ही एकसंध रचना होती. पानिपतच्या आघाताने खचलेल्या नानासाहेबांनी १७६१ च्या जून महिन्यात पर्वतीवरच देह ठेवला. १७८४ मध्ये सवाई माधवरावांनी बेटावर श्रीसिद्धिविनायकाची स्थापना केली; तोच आपला ‘तळ्यातला गणपती’.

१८०३ मध्ये लॉर्ड व्हॅलेंशिया हा इंग्रज प्रवासी पुण्यास आला असता दुसऱ्या बाजीरावांनी त्याला हिराबागेत मेजवानी दिली. आपल्या प्रवासवर्णनात त्याने तेथील आम्रवृक्षांची, नारळीच्या झाडांची आणि तलावापलीकडे दिसणाऱ्या पर्वतीची प्रशंसा केली आहे. इमारत मात्र त्याला साधीच वाटली. या स्थळाचे वैभव वास्तूपेक्षा पाणी, वृक्ष आणि देवालय यांच्या सान्निध्यात होते, हेच यावरून ध्यानात येते.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि हिराबागेला नवे कार्य लाभले. ती नगरीच्या सभा-समारंभांचे स्थान झाली. ११ मे १८७८ रोजी न्यायमूर्ती रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पहिले ग्रंथकार संमेलन येथेच भरले. आजच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा उगम तो हाच. पेशव्यांचे विश्रामस्थान अशा रीतीने मराठी ग्रंथकारांचे माहेरघर ठरले.

विसाव्या शतकात तलाव आटवून तेथे सार्वजनिक उद्यान करण्यात आले. मंदिराभोवतीचे छोटे तळे तेवढे पाण्याची आठवण देते. देवालयांची व्यवस्था देवदेवेश्वर संस्थान पाहते आणि सारसबागेची देखभाल महानगरपालिका करते; म्हणून ती दोन्ही आजही नांदती आहेत. हिराबागेच्या वृक्षराजीला तसा पालक लाभला नाही. तिचे उरले ते नाव.

देवालयाच्या सान्निध्यातील जुने घर व उद्यान जपण्याचे एक उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. सॉल्सबरीच्या भव्य चर्चच्या प्रांगणात चार्ल्स मॉम्पेसन याने १७०१ मध्ये पूर्ण केलेले घर त्याच्याच नावाने ओळखले जाते. मागे भिंतींनी वेढलेली लहानशी बाग आहे. आकाराने हे घर काही राजवाडा नव्हे. परंतु आज ते नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन आहे. लोक येतात, दालने पाहतात, बागेत विसावतात. १९९५ मध्ये ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ या चित्रपटाचे काही चित्रीकरणही तेथे झाले.

विश्वस्तपणाची कल्पना आपल्या समाजाला नवी नाही. मंदिरे, धर्मशाळा, पांजरपोळ यांचा कारभार आपण पिढ्यान्‌पिढ्या विश्वस्त म्हणून पाहत आलो आहोत. संपत्ती कोणाची, याहून ती कोणाच्या जबाबदारीवर सोपवली आहे, याला आपण अधिक मान देतो. हीच दृष्टी जुन्या वास्तूंकडेही वळावयास हवी. पेठांमधील अनेक कुटुंबांपुढे आज वडिलोपार्जित वाड्याच्या पुनर्विकासाचा प्रश्न उभा आहे. प्रत्येक वाडा राखणे शक्य नसते; वाढते कुटुंब आणि जीर्ण भिंती यांचाही विचार करावाच लागतो. तथापि करारावर सही करण्यापूर्वी जुनी खतपत्रे, नकाशे व छायाचित्रे एकत्र करावीत, वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. कोरीव चौकट, देवघर वा अंगणातील जुने झाड नव्या बांधणीत कसे राखता येईल, हे आराखडा ठरतानाच विचारावे. आणि राखलेल्या गोष्टींची काळजी पुढे कोण वाहील, हेही त्याच बैठकीत नावानिशी ठरवावे.