कृतज्ञतेची वही

‘कसे आहात?’ असे कोणी विचारले, की आपल्या घरांत ‘अल्लाह का शुक्र है’ असे उत्तर मिळते. या शुक्रगुजारीला मराठीत ‘कृतज्ञता’ म्हणतात. ‘कृत’ म्हणजे केलेले आणि ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा. दुसऱ्याने आपल्यासाठी केलेले जो जाणतो, तो कृतज्ञ. आणि कृतघ्न? तो नाशुक्रा!

सुखाच्या दिवसांत ही जाण ठेवणे सोपे असते. पण घरात आजारपण असले किंवा वडिलांचे काम सुटले, की मन त्या एकाच गोष्टीभोवती फिरत राहते. बाकीचे काही दिसेनासे होते.

अशा वेळी कृतज्ञतेचा उपयोग होतो का? रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्‌कलो या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिले. त्यांचे संशोधन २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या एका प्रयोगात स्नायू व नसांचे दीर्घ आजार असलेली ६५ माणसे होती. आपली मनःस्थिती व झोप यांची नोंद सर्वांनी २१ दिवस रोज केली. त्यांतील एका गटाने आणखी एक काम केले. ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा गोष्टी रोज लिहून काढल्या. हा गट अधिक आनंदी राहिला. त्याला झोपही जास्त मिळाली. हा फरक त्यांच्या घरच्या माणसांनाही जाणवला. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. आपले समाधान माणूस वाढवून सांगू शकतो, पण घरच्यांना फसवणे कठीण!

अर्थात, वहीने आजार बरा होत नाही. औषध घ्यावेच लागते. कोणी अन्याय केला, तर त्याचेही आभार मानायचे नसतात; ते मोठ्यांना सांगायचे असते.

मग वहीत लिहायचे तरी काय? ‘अम्मी चांगली आहे’ असे रोज लिहिले, तर चार दिवसांत कंटाळा येईल. ‘मला ताप होता. अम्मीने रात्री दोनदा उठून कपाळावर ओली पट्टी ठेवली,’ असे लिहावे. कोणी काय केले, ते त्यात दिसते. एखाद्या दिवशी एकच ओळ सुचेल. तीही पुरे. त्या दिवसाची अडचणही लपवू नये. ती त्याच पानावर लिहावी: ‘आज नवी वही घेता आली नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलाने न मागता आपल्या वहीची चार कोरी पाने दिली.’