मिशनऱ्याची शिकवणी

वणीच्या आठवडी बाजारात डोळे दुखत नाहीत, डोये दुखतात. काळा रंग काया होतो, केळीची केयी होते आणि ‘मला अर्धा किलो द्या’ म्हणणारा माणूस तोंड उघडताच बाहेरगावचा ठरतो, कारण इथे ‘मले’ म्हणतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतून आलेला पंचवीस-सव्वीस वर्षांचा एखादा मिशनरी या बाजारात उभा करून बघा. इंग्रजीत ‘ळ’ नाही. जीभ मागे वळवून ‘डोळा’ म्हणायला पंडितापुढे बसून महिनेच्या महिने घासायचे, आणि ती कमाई खर्च करायला बाजारात यावं तर तिथे ‘ळ’ला कुणी विचारत नाही! अशा तरुणाची आपल्या मनात दोनच चित्रं असतात. एकात तो औषधाची पेटी घेऊन फिरणारा साधू असतो, दुसऱ्यात पुस्तकाआड जाळं लपवलेला शिकारी. दोन्ही चित्रांत तो बोलत असतो, आपण ऐकत असतो. त्याच्या रोजच्या दिवसाकडे नीट पाहिलं तर मामला बराचसा उलटा दिसतो. त्याची उमेदीची वर्षं ऐकण्यात, चुकण्यात आणि कुणीतरी चूक दुरुस्त करण्यात गेली. माझं म्हणणं असं की या मंडळींच्या हातून जे टिकाऊ झालं, ते याच विद्यार्थीपणातून झालं. उपदेशातून फारसं नाही.

आधी ही मंडळी कोण होती ते पाहू. यवतमाळ जिल्ह्याशी ज्यांचं नाव जोडलं गेलं ते अमेरिकेतले फ्री मेथडिस्ट. हा पंथ १८६० साली न्यूयॉर्क राज्यात निघाला. त्या काळी तिकडच्या पुष्कळ चर्चमध्ये बाकं भाड्याने देत. पैसेवाले पुढे, गरीब मागे. यांनी बाकं मोफत केली आणि गुलामगिरीला विरोध केला. नावातल्या ‘फ्री’चा अर्थ तोच. साधे कपडे, दागिना नाही, प्रार्थनेत वाद्य नाही, असा कडक कारभार. या पंथातर्फे अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे नवरा-बायको १८८१च्या जानेवारीत हिंदुस्थानात आले आणि प्रथम बऱ्हाणपूरला राहिले. त्याच्या चारच महिने आधी, २९ ऑगस्ट १८८० रोजी, वणीत स्वातंत्र्यलढ्यातले पुढारी बापूजी अणे जन्मले होते. तेव्हा या जिल्ह्याला यवतमाळ नव्हे, वणीचंच नाव होतं. इंग्रज ते ‘वून’ असं लिहीत. १९०५ साली दारव्हा आणि पुसद जोडून जिल्हा मोठा झाला, तेव्हा नाव बदललं. वॉर्ड जोडप्याला ठरलेला पगार नव्हता. देव देईल त्यावर भागवायचं, असा त्यांचा बाणा. मराठी मुलखात आलेले इतर मिशनरीही असेच कोवळे होते. गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत उतरला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता, जॉन विल्सन १८२९ साली चोवीस वर्षांचा. त्यांच्या कितीतरी आधी, १५७९ साली, गोव्यात आलेला थॉमस स्टीफन्स तिशीचा होता. ‘क्रिस्तपुराणा’एवढी मराठी हाती यायला त्याला पुढे जवळजवळ चार दशकं लागली.

वऱ्हाडातल्या या तरुणाचा दिवस ऊन ठरवत असे. उजाडताच प्रार्थना, चहा, आणि उन्हं तापायच्या आत पंडिताची शिकवणी. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार. ‘चार’मधला एक आणि ‘चाक’मधला दुसरा. नदी स्त्रीलिंगी, ओढा पुल्लिंगी, पाणी नपुंसक, आणि यामागे नियम काय, असं विचारलं की पंडितही कान खाजवणार. दुपार घरात. संध्याकाळी बाजाराच्या तोंडाशी किंवा वस्तीत, जेवढी भाषा येते तेवढी घेऊन. वर्षाचा हिशेब ऋतूंच्या हाती. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटांवर बंडीचं चाक आऱ्यांपर्यंत रुतायचं, म्हणून ते महिने अभ्यासाचे. दिवाळीनंतर तंबू बांधून दौरा. एका गावचा बाजार उठला की दुसऱ्या गावचा, रात्री कंदिलाच्या उजेडात पडद्यावर चित्रं. एप्रिल-मे असह्य झाले की ज्याला जमेल तो चिखलदऱ्यासारखा थंड डोंगर गाठायचा. घरच्या पत्राचं उत्तर यायला महिने लागत. आणि या सगळ्यात त्याचं पान इथल्या माणसांवाचून हलत नसे. पाणी कुठलं प्यावं, कुठल्या नाल्याला आज उतार आहे, कुठल्या गावात आधी पाटलाला भेटायचं, भाजीचा खरा भाव काय, हे सांगणारे स्वयंपाकी, बंडीवाला, पंडित हे त्याचे खरे पालक होते. मिशनच्या चरित्रांत ही माणसं बहुधा निनावी राहतात, ही त्या साहित्यातली सगळ्यात मोठी चोरी आहे असं मला वाटतं. गॉर्डन हॉल १८२६च्या मार्चमध्ये नाशिक-त्र्यंबककडच्या दौऱ्यावर पटकीच्या रोग्यांना औषध वाटून परतताना स्वतः पटकीने गेला, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. शेवटचं अंग टाकलं ते एका देवळाच्या ओसरीवर, आणि मातीआड केलं ते सोबतच्या दोन पोरांनी.

भाषेच्या बाबतीत हे अवलंबून असणं तर उघडच दिसतं. विल्यम केरीने १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, १८१० साली कोश. तो राहायचा बंगालात, श्रीरामपूरला; कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवायचा. त्याला मराठी आली ती वैजनाथ शर्मा या नागपूरच्या पंडिताकडून. परिणाम असा झाला की केरीच्या प्रेसमधून निघालेल्या मोडी पुस्तकांतली मराठी नागपुरी वळणाची निघाली आणि मुंबई-पुण्याकडच्या वाचकांनी तिला नाकं मुरडली. विदर्भाच्या माणसाला यात थोडी गंमत वाटायला हरकत नाही: छापील मराठीच्या सुरुवातीच्या पावलांवर नागपूरची धूळ आहे. पुढे साहेबांना मराठी शिकवणारं एक नाणावलेलं इंग्रजी व्याकरण लिहिलं ते गणपतराव नवलकर यांनी. ते ख्रिस्ती झाले होते, हे खरं. पण व्याकरण मराठी माणसाने लिहिलं आणि मिशनरी त्याचे विद्यार्थी झाले, हेही तितकंच खरं. आणि वणी-पांढरकवड्याच्या पट्ट्यात तर मराठीवर काम भागत नव्हतं. गोंडाच्या पाड्यावर गोंडी, कोलामाच्या पोडावर कोलामी. दोन्ही द्राविडी कुळातल्या, मराठीच्या चुलत बहिणीसुद्धा नव्हेत. पुस्तकी मराठी, बाजाराची वऱ्हाडी आणि पोडाची कोलामी अशा तीन पायऱ्या उतरल्याशिवाय माणूस भेटतच नव्हता.

हे विद्यार्थीपण कुठवर जाऊ शकतं, याचा नमुना स्टीफन हिस्लॉप. १८१७ साली स्कॉटलंडात जन्मलेला हा तरुण १८४५च्या सुरुवातीला नागपूरला आला. शाळा काढली, उपदेश केला, पण पायाखालच्या दगडांनीही त्याला पकडलं. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर तो दौऱ्यावर निघाला की एक डोळा गावावर आणि एक खाणीवर. नागपूरच्या दक्षिणेला साठेक मैलांवर, मांगलीच्या दगडात, या दोघांना एका पुरातन उभयचर प्राण्याची कवटी सापडली. लंडनच्या रिचर्ड ओवेनने १८५५ साली तिला ‘ब्रॅकिऑप्स’ नाव दिलं. एका खनिजाला पुढे हिस्लॉपचंच नाव मिळालं, ‘हिस्लोपाइट’. ज्या वर्धा खोऱ्यातल्या कोळशावर आज वणीचे ट्रक धावतात, त्या खोऱ्याचे खडक शास्त्राच्या नजरेने वाचायला सुरुवात करणाऱ्यांत तो होता. दुसरीकडे तो गोंडांच्या गोष्टी ऐकत होता. परधान हे गोंडांचे भाट. लिंगो देवाची लांबलचक कथा त्यांच्या तोंडी. ती हिस्लॉपने ऐकून उतरवली. १८६३च्या ४ सप्टेंबरला टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात तो बुडाला, आणि कागद अर्धेमुर्धे राहिले. इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी ते १८६६ साली छापले. हिस्लॉपची प्रवचनं आज कुणी वाचत नाही. लिंगोची कथा मात्र गोंडी संस्कृतीचा अभ्यास करणाऱ्याला टाळता येत नाही, आणि ती सांगणारा परधान होता, लिहून घेणारा मिशनरी.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: भाषा काय, दगड काय, हे सगळं साधन, हेतू धर्मांतराचाच. हा आक्षेप नाकारण्यात अर्थ नाही. हेतू तोच होता आणि त्यांनी तो कधी लपवला नाही. आपल्या भागात तर तो सरकारी पातळीवर तपासलाही गेला. १९५६च्या नोव्हेंबरपर्यंत विदर्भ जुन्या मध्य प्रदेशात होता. त्या सरकारने १९५४ साली नागपूर हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समिती १४ जिल्ह्यांत फिरली आणि १९५६च्या अहवालात म्हणाली की धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य उद्देश आहे त्या परदेशी मिशनऱ्यांनी माघारी जावं, आणि दवाखान्यासारख्या सेवेचा धर्मांतरासाठी वापर कायद्याने बंद व्हावा. ख्रिस्ती संस्थांनी अहवाल एकतर्फी ठरवला. वाद आजही मिटलेला नाही. पण माझा मुद्दा हेतूचा नाही, फळाचा आहे. ज्या हेतूने माणूस निघाला तो या भागात फारसा साधला नाही. वऱ्हाडात ख्रिस्ती वस्ती आजही तुरळकच आहे. वाटेत त्याला जे शिकावं लागलं, त्याचं काहीतरी उरलं. हेतू वाईट म्हणून व्याकरण खोटं ठरत नाही, आणि व्याकरण चांगलं म्हणून हेतूला माफीही मिळत नाही. दोन खाती वेगळी ठेवावीत.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. गोरा विद्यार्थी आणि काळा गुरू यांच्यात सत्ता कुणाकडे होती? वऱ्हाड १८५३पासून इंग्रजांच्या ताब्यात. पगार देणारा तरुण, घेणारा पंडित. त्यात १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ. भुकेल्या पोराला मिशनच्या अनाथालयात भाकरी मिळते तेव्हा त्याने धर्म ‘निवडला’ असं म्हणणं जड जातं. इथे मी आक्षेपकांच्या बाजूचा आहे. मिशनऱ्यांनी मायदेशी धाडलेल्या पत्रांचंही तेच. हॅरिएट न्यूएल ही अमेरिकन मुलगी १८१२ साली नवऱ्याबरोबर कलकत्त्याला आली, कंपनीने राहू दिलं नाही, आणि त्याच वर्षी मॉरिशसला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी वारली. तिच्या आठवणींचं पुस्तक अमेरिकेत घरोघर गेलं आणि त्या भांडवलावर पुढचे मिशनरी निघाले. देणगी हवी तर इथला काळोख गडद दाखवावा लागतो; त्यामुळे अशा पत्रांतल्या आपल्या वर्णनांवर डोळे झाकून विसंबू नये. तरी एक फरक करता येतो. आपल्याबद्दलचे त्यांचे निकाल बाजूला ठेवावेत, आणि ते स्वतः काय करत होते याच्या साध्या नोंदी घ्याव्यात. पंडित आज आला नाही, गाडी रुतली, शब्द चुकला म्हणून लोक हसले, असल्या ओळींतून कुणाच्या खिशात हात घालता येत नाही. म्हणून त्या बहुधा खऱ्या असतात.

कुणी म्हणेल, शाळा आणि दवाखाने तर शिकवण्या-देण्याचीच कामं होती, तिथे विद्यार्थीपण कुठलं? मिशनरी सिंथिया फरार १८२७च्या अखेरीस मुंबईत आल्या, पुढे अहमदनगरला गेल्या आणि १८६२ साली तिथेच वारल्या. नवऱ्याच्या आधाराशिवाय परदेशी निघालेली ही बाई मुलींची शाळा चालवत होती. जोतिराव फुल्यांनी ती पाहिली आणि १८४८ साली पुण्यात स्वतःची काढली. म्हणजे ती कल्पना इथे रुजली ती इथल्या माणसाने ती उचलून आपल्या प्रश्नाला, जातीच्या प्रश्नाला, जोडली तेव्हा. यवतमाळचंच उदाहरण घ्या. फ्री मेथडिस्टांनी १९३८ साली यवतमाळात काढलेल्या बायबल शाळेतून १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी झाली, ती १९८३ साली पुण्याला बिबवेवाडीत गेली. उमरीचं मिशनचं इस्पितळ मात्र जिल्ह्यातच राहिलं. उपदेशक घडवणारी संस्था शहराकडे सरकली, बाळंतपणं आणि साप चावलेली माणसं बघणारी संस्था गावात राहिली, यात नवल नाही. उमरीच्या गरजा तिथल्या माणसांनी ठरवलेल्या होत्या.

आज परदेशी तरुण मिशनरी वणीत दिसणार नाही. व्हिसाच्या यादीत मिशनऱ्यांचा वेगळा रकाना अजून आहे, पण चर्चचा कारभार कधीच इथल्या लोकांकडे आला, आणि विदर्भातल्या कॉन्व्हेंट शाळांत ज्या सिस्टर भेटतात त्यांतल्या पुष्कळ केरळच्या असतात. त्यांनाही ‘मले-तुले’ शिकावंच लागतं. जगात हा उद्योग सर्वांत शिस्तीने चालवतात ते मॉर्मन पंथाचे लोक: मुलगा अठराव्या वर्षी दोन वर्षांसाठी, मुलगी दीड वर्षासाठी, सकाळी साडेसहाला उठणं, कायम जोडीने फिरणं, भाषेचं प्रशिक्षण काही आठवड्यांत उरकणं. २०१९पासून त्यांना दर आठवड्याला घरी फोन करता येतो. हॉल किंवा हिस्लॉपला हे चैनीचं वाटलं असतं. पण दोन वर्षांत माणूस ‘डोळा’पर्यंत कसाबसा पोचेल, ‘डोया’ त्याच्या वाट्याला येणं कठीण.

आणि ‘डोया’ म्हणणारी वऱ्हाडी छापील पानावर नीट उतरली ती कुठे, हेही पाहण्यासारखं आहे. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून त्यांनी एकच गोष्ट सगळीकडे दिली होती, बायबलमधली उधळ्या मुलाची. मूळ गोष्टीत मुलगा परत आल्यावर बाप पोसलेलं वासरू कापतो. सर्वेक्षणाने इथल्यांच्या भावना दुखावू नयेत म्हणून तिच्यात किरकोळ शब्दबदल करून घेतले. नमुने गोळा झाले जिल्ह्याजिल्ह्यांच्या सरकारी कचेऱ्यांमार्फत. म्हणजे मिशनऱ्याची लाडकी गोष्ट वऱ्हाडीत उतरली ती वऱ्हाडी बोलणाऱ्यांच्याच तोंडून, सरकारी कामापुरती, आणि तिच्यातलं वासरूही त्यांचं मन बघून हाताळलेलं.