सातपूर-अंबडमधली पंधरा तारीख

सकाळी ६.३०

आज १५ डिसेंबर. पीएफ आणि ईएसआयसीची चलनं भरायचा शेवटचा दिवस. नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतल्या लहान कारखान्यांची परवान्यांची, नोंदण्यांची, विवरणपत्रांची कामं मी करते. दर महिन्याची ११ तारीख जीएसटीआर-१ ची, १५ पीएफ-ईएसआयसीची आणि २० जीएसटीआर-३बी ची. आमच्या घरातलं कॅलेंडर या तारखांनी भरलेलं असतं. चहा होईपर्यंत कुणाची हजेरी आली आणि कुणाची राहिली ते बघून घेते. राहिलेल्यांना आत्ताच निरोप पाठवला, तर दुपारपर्यंत मस्टर हाती येतं.

सकाळी ८.००

सातपूरचं एक प्रेस शॉप. मोठ्या वाहन कंपन्यांच्या व्हेंडरना इथून पत्र्याचे सुटे भाग जातात. मालकांना सगळे आप्पा म्हणतात. पहिली पाळी सुरू झालेली, प्रेसचा आवाज वाढलेला. आप्पा मला केबिनमध्ये नेऊन विचारतात, "ताई, हे नवीन लेबर कोड म्हणजे आणखी चार रजिस्टरं ना?"

मी समजावून सांगते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. वेगवेगळ्या कायद्यांत वेतनाची व्याख्या वेगवेगळी होती, ती आता एक झाली. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरची रक्कम वेतनातच धरायची. मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त दाखवायची इथली जुनी पद्धत त्यामुळे चालणार नाही. आप्पांचा ग्रॅच्युइटीचा बोजा वाढणार, हेही मी लपवत नाही. जुने नियम नव्या कायद्याला विसंगत नसतील तिथे तूर्त चालूच आहेत. म्हणून आज तरी दोन्हींचा मेळ घालून काम करावं लागतं.

प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र देणं आता सक्तीचं आहे. मी मसुदे आणलेत. एक ऑपरेटर दारात थांबून विचारतो, "मॅडम, ते पत्र बँकेत चालेल का? घराच्या कर्जाला मागतात." चालेल, असं सांगताना मला खरंच बरं वाटतं. मालकाच्या दृष्टीने एक कागद वाढला, पण या माणसाची नोकरी पहिल्यांदा लेखी झाली. नियम सुटसुटीत करताना असे कागद वगळायचे नसतात.

सकाळी १०.००

सिडकोतलं माझं छोटं ऑफिस. मसाले करणाऱ्या एक काकू मुलीला घेऊन आल्यात. उद्यम नोंदणी हवी आहे. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी आधार क्रमांकावर आणि स्वतःच्या घोषणेवर होते. कागदपत्र जोडावं लागत नाही, शुल्क लागत नाही. काकूंच्या ओळखीच्या कुणीतरी याच कामासाठी भरपूर पैसे सांगितले होते. मी मुलीलाच खुर्चीवर बसवते आणि तिच्याकडूनच अर्ज भरून घेते. ओटीपी काकूंच्या मोबाईलवर येतो, त्या तो मोठ्याने वाचतात. चहा निवायच्या आत नोंदणी पूर्ण.

उद्योग करणं सोपं व्हावं म्हणतात, ते माझ्या लेखी असं. सरकारने आधी परवानगी माग म्हटलं नाही, तुझी माहिती खरी सांग म्हटलं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानेही हेच केलं. ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी नको, फक्त सूचना द्या. प्रदूषण नियंत्रणात २०१६ पासून पांढऱ्या वर्गातल्या उद्योगांना, म्हणजे सायकली किंवा एअर कूलर जोडण्यासारख्या कामांना, संमतिपत्र लागत नाही. तिथेही नुसती सूचना पुरते. या तीन ठिकाणी माझं काम कमी झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं.

दुपारी १२.००

एका सरकारी कार्यालयात. अंबडच्या एका कारखान्याचा अर्ज ऑनलाइन भरून बरेच दिवस झाले. पोर्टलवर क्वेरी लागली आहे. मागितलेला कागद अर्जासोबत आधीच जोडलेला आहे. टेबलावरचे गृहस्थ सौजन्याने म्हणतात, "मॅडम, एक हार्ड कॉपी देऊन ठेवा ना, साहेबांना बघायला बरी." मी प्रत देते, कारण कारखानदाराची मशिनरी येऊन पडली आहे आणि बँकेचा हप्ता सुरू झाला आहे. पण पोचही मागून घेते.

राज्याचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही तर खात्यातच पहिलं आणि दुसरं अपील करता येतं, पुढे आयोगाकडे जाता येतं. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. २०२३ च्या मैत्री कायद्याने एक खिडकी व्यवस्थेला कायद्याचं बळ दिलं. तरतुदी चांगल्या आहेत. अपील करायला मात्र लहान उद्योजक धजत नाही, कारण पुढच्या वर्षी त्याला त्याच टेबलावर यायचं असतं. जे काम अडलं की अपील करावं लागतं, ते पोर्टलवर आलं म्हणून सोपं झालं, असं मी म्हणणार नाही.

दुपारी १.३०

डबा सातपूरच्याच एका जुन्या कारखानदार काकांबरोबर. त्यांनी सत्तरच्या दशकात इथे शेड घेतली. पोलादाचा कोटा, सिमेंटचं परमिट, टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं थांबणं, हे सगळं त्यांनी सोसलं आहे. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याखाली मोठ्या उद्योगाला काय आणि किती बनवायचं हेही दिल्लीला विचारावं लागे. २४ जुलै १९९१ च्या धोरणाने १८ उद्योग वगळता बाकी सगळ्यांचा परवाना रद्द केला. "तेव्हा दिल्लीचं दार उघडलं," काका म्हणतात, "गल्लीचं राहिलं."

ते बरोबर बोलतात. जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभतेच्या यादीत भारत २०१४ मध्ये १४२ वा होता आणि २०१९ मध्ये ६३ वा झाला. पण ती मोजणी मुंबई आणि दिल्लीच्या आधारे व्हायची. सातपूरचं टेबल तिच्यात नव्हतं. आकडेवारीतल्या गैरप्रकारांमुळे २०२१ मध्ये ती यादीच बंद झाली. आमच्या भागात किती बदललं हे बघायचं तर इथल्या अर्जांचे दिवस मोजावे लागतील.

दुपारी ३.३०

सिन्नरजवळ मुसळगाव. कांदा-लसूण वाळवून भुकटी करणारा कारखाना, तिथे बॉयलर आहे. २०२५ च्या नव्या बॉयलर कायद्याने १९२३ चा कायदा बाजूला केला. या कायद्यात सात गुन्हे आहेत. त्यांपैकी जिवावर किंवा मालमत्तेवर बेतू शकणाऱ्या चार गुन्ह्यांना फौजदारी शिक्षा कायम ठेवली आणि बाकीच्यांना पैशाचा दंड ठेवला. मला ही विभागणी योग्य वाटते. विवरणपत्र उशिरा गेलं म्हणून कुणी तुरुंगाच्या धाकात राहू नये. सेफ्टी व्हॉल्व्हशी खेळणाऱ्याला मात्र तो धाक हवाच.

जानेवारी जवळ आला, म्हणून आगीच्या यंत्रणेचीही पाहणी करते. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीचं फॉर्म बी प्रमाणपत्र द्यावं लागतं. मालक म्हणतात, "सहा महिन्यांनी परत तेच. हा त्रास कमी करा की." मी त्यांना पंपाजवळ नेते आणि सुरू करायला सांगते. पंप दुसऱ्या प्रयत्नाला चालतो. १ जानेवारी २०२३ ला इगतपुरी तालुक्यात मुंढेगावच्या कारखान्यात लागलेल्या आगीत कामगारांचे जीव गेले, ते जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. हे प्रमाणपत्र कागदावर उरकणारी एजन्सी मी कुणाला सुचवत नाही, स्वस्त असली तरी.

परतीच्या वाटेवर मनात नंदिनीचा, म्हणजे जुन्या नासर्डीचा विचार येतो. ती औद्योगिक वसाहतीच्या कडेने वाहत गोदावरीला मिळते. प्लेटिंगचे कारखाने लाल वर्गात ठेवलेत ते या पाण्यासाठी. तिथे अर्जाची मुदत कमी करावी, सांडपाण्याची तपासणी कमी करू नये.

सायंकाळी ५.३०

ऑफिसमध्ये चलनांची रांग. आप्पांचं चलन भरलं, बाकीच्यांची एकेक करून होताहेत. एका मालकाचा फोन येतो, "दोन दिवसांनी भरलं तर?" मी नाही म्हणते. कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा वेळेत भरला नाही तर आयकरात त्याची वजावट कायमची जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑक्टोबर २०२२ च्या चेकमेट सर्व्हिसेस निकालात स्पष्ट केलं होतं. शिवाय ते पैसे मालकाचे नाहीतच. कामावर हाताला मार लागून घरी बसलेल्या कामगाराला ईएसआयसीकडून वेतनाच्या ९० टक्के भरपाई मिळते, ती या हिशेबातून.

सायंकाळी ७.३०

शेवटचं चलन गेलं. तेवढ्यात जॉबवर्क करणाऱ्या एका तरुणाचा फोन. मोठ्या कंपनीने चार महिने बिल अडकवलंय. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. २०२४ पासून आयकराच्या ४३बी(एच) कलमाने उशिरा पैसे देणाऱ्याची त्या वर्षीची वजावटही रोखली. तो म्हणतो, "ताई, तक्रार केली आणि ऑर्डर बंद झाली तर?" त्याच्या भीतीवर माझ्याकडे कलम नाही. आधी लेखी पत्र पाठव, असं सांगते, आणि मसुदा उद्या करून देते.

रात्री ९.००

उद्याच्या फाइली लावताना अजून एक काम करते. काही जुन्या ग्राहकांच्या नोंदण्यांवर अजून माझाच मोबाईल क्रमांक आहे. मालकाला वेळ नाही म्हणून तो तसा राहिला. मी एकेक बदलून घेतेय.

सुधारणा करणाऱ्यांकडे माझं मागणं आहे. एका खात्याला दिलेली माहिती दुसऱ्याने परत मागू नये. क्वेरी एकदाच आणि एकत्र लागावी. मुदत उलटली की उत्तर अधिकाऱ्याने द्यावं, अर्जदाराला अपील करायला लावू नये. आग, बॉयलर, सांडपाणी आणि कामगाराचा हिस्सा यांना मात्र सवलतीच्या यादीत घालू नये. उद्योजकांनो, आज रात्रीच एक गोष्ट बघा: तुमच्या पीएफ, जीएसटी आणि उद्यम नोंदणीचा ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो? तो तुमच्या मोबाईलवर यायला हवा. तुमचा उद्योग तुम्हाला स्वतःला चालवता येईल इतके नियम सोपे झाले आणि माझ्यासारखीची गरज उरली नाही, तर त्याचा मला आनंदच होईल.