भाजलेला हात

स्टोव्हचा भडका होतो, हात भाजतो. मग डॉक्टर मांडीची कातडी काढून हातावर बसवतात. आंब्याचं कलम करतात ना, तसंच हे कातडीचं कलम. घरची माणसं म्हणतात, सुटलो! पण बोटं हलवायचं काम पुढेच असतं.

भाजल्याचा वण आखडत जातो. तो लाल, टणक होतो, खाजतो. मऊ पडायला वर्ष-दोन वर्षं लागतात. तोवर तो सांधे ओढत राहतो. हाताची पाठ भाजली असेल तर मनगट खाली पडतं, बोटं आकड्यासारखी वळतात, अंगठा आत येतो. रोग्याला हात असाच ठेवणं बरं वाटतं. 'राहू द्या, दुखतंय बिचारीला,' असं आपण मायेनं म्हणतो. या मायेनंच हात जातो. म्हणून डॉक्टर पट्टी बांधून मनगट थोडं मागे, बोटं मुळाशी वाकवून पुढे सरळ आणि अंगठा दूर ठेवतात. ती पट्टी रात्री सोडू नये.

१९४० साली इंग्लंडात लढाईतले वैमानिक असेच भाजून येत. तेव्हा भाजलेल्या जागी टॅनिक ॲसिड लावत. कातडं कमावतात त्यातलं हे द्रव्य! हातावर कवच बसे, बोटं जखडत. ईस्ट ग्रिनस्टेड गावी आर्चिबाल्ड मॅकिंडो हे सर्जन होते. समुद्रात पडलेल्यांच्या जखमा जास्त चांगल्या भरतात, हे त्यांनी पाहिलं. त्यांनी ॲसिड बंद केलं आणि रोग्यांना कोमट मिठाच्या पाण्यात बसवलं. पाण्यात पट्ट्या अलगद सुटत, बोटं हलवता येत. जेफ्री पेज या वैमानिकाचे दोन्ही हात भाजले होते. पुष्कळ शस्त्रक्रियांनंतर तो पुन्हा लढाऊ विमान चालवू लागला.

कलम नवं असताना मात्र हात हलवू नये. ते धरायला काही दिवस लागतात. डॉक्टर सांगतील त्या दिवशी सुरू करावं, आणि एकदम तासभर नको; थोडं थोडं, दिवसातून बऱ्याच वेळा. जखम पुरती भरली की वणाला तेल चोळावं आणि एकेक बोट सावकाश वाकवावं. कणकेचा गोळा दाबावा, गव्हातले खडे वेचावे, बटणं लावावी. ताण बसेल, तो सोसावा. कातडी फाटेल इतकं ओढू नये. घरच्यांनी घास भरवू नये. भात सांडला तर सांडू द्या.

बोटांच्या बेचक्यात कातडी जोडून येऊ लागली, तर मात्र लगेच इस्पितळात जावं. शस्त्रक्रिया करून ती सोडवता येते.