तांबूस केस आणि आईवरचा संशय

भिंगार हे इंग्रजांच्या काळापासूनचं लष्करी छावणीचं गाव. अशा ठिकाणी तांबूस केसांचं मूल जन्मलं, की गोऱ्या सैनिकाच्या रक्ताचा तर्क लढवणं आणि आईच्या कुळावर बोट ठेवणं सोपं असतं. शास्त्राला ते मान्य नाही. खरे लाल केस सोळाव्या गुणसूत्रावरच्या एमसी१आर जनुकातील बदलांमुळे येतात. हा संबंध १९९५ मध्ये दाखवला गेला. केसांत युमेलॅनिन हे काळं रंगद्रव्य घटतं, फिओमेलॅनिन हे लालसर रंगद्रव्य वाढतं. त्यासाठी बहुधा आई आणि वडील, दोघांकडूनही बदललेलं जनुक यावं लागतं. मग जाब एकट्या आईला का?

कोणी म्हणेल, आपल्याकडे तांबूस केसांची मुलं दिसतातच की! दिसतात. उन्हाने केस फिकटतात, काही घराण्यांत ते मुळातच तपकिरी असतात. त्यात काळजीचं काही नाही. मात्र काळे केस विरळ, कोरडे, तांबूस होऊ लागले आणि पायांवर सूज आली, तर क्वाशिओरकर या कुपोषणाची शंका घ्यायलाच हवी. सिसिली विल्यम्स यांनी १९३३ मध्ये त्याचं वर्णन केलं. अशा मुलाला नावं ठेवू नका. तातडीने आरोग्य केंद्रात न्या, वजन आणि दंडाचा घेर मोजून घ्या.