लपवलेली गोळी

एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे देणाऱ्या केंद्रातून, मिळालेल्या डबीवरचे लेबल आधी नखाने खरवडायचे. ते धड निघत नाही. मग गोळ्याच दुसऱ्या कशात तरी ओतायच्या: टॉनिकच्या रिकाम्या बाटलीत, सुपारीच्या डब्यात, नाहीतर पुडीत बांधून धान्याच्या कणगीत. मूळ डबीत ओल शोषणारी एक छोटी पुडी असते, ती डबीबरोबर कचऱ्यात जाते. पुढे पावसाळाभर त्या गोळ्या दमट हवेत पडून असतात. एचआयव्हीची औषधे कितपत सुरक्षित, असे विचारले की मूत्रपिंड, यकृत, रक्तक्षय ही यादी पुढे येते. यादी खरी आहे. पण आजची औषधे पाहता त्यातले बरेचसे धोके या लपवाछपवीच्या वाटेनेच घरात शिरतात, असे माझे मत झाले आहे.

पूर्वी औषध स्वतःच जड होते. भारतात हा संसर्ग पहिल्यांदा सापडला तो १९८६ साली चेन्नईत. पुढच्याच वर्षी अमेरिकेत झिडोव्हुडिन या औषधाला मंजुरी मिळाली. एकट्या औषधाला विषाणू लवकर सरावतो हे अनुभवाने कळले आणि १९९६च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रुळली. मरणाच्या दारातली माणसे उठून बसू लागली, पण वर्षाचा खर्च माणशी दहा हजार डॉलरच्या पुढे होता. फेब्रुवारी २००१मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या युसूफ हमीद यांनी तिहेरी औषध वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केले आणि जगभरचे भाव कोसळले. १ एप्रिल २००४पासून आपल्या सरकारने मोफत उपचार सुरू केले. पहिल्या आठ रुग्णालयांत मुंबईचे जे. जे. होते.

त्या स्वस्त गोळीत स्टॅव्हुडिन असे. जीव वाचे, पण पायांना मुंग्या येत, तळवे जळत आणि गालांवरची चरबी झडून चेहरा आत ओढला जाई. ज्या औषधाने माणूस जगवला त्यानेच त्याचे गुपित तोंडावर लिहून ठेवावे, हा क्रूर विनोदच. जोडीला नेव्हिरॅपिन असे. त्याने अंगावर पुरळ उठे, कधी यकृताला सूज येई, म्हणून पहिले चौदा दिवस ते निम्म्याने द्यायचे. झिडोव्हुडिनने काहींचे रक्त कमी होई. एफाविरेन्झने चक्कर येई आणि भडक स्वप्ने पडत, म्हणून ती गोळी रात्री घेऊन लगेच अंथरुणात शिरायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९मध्ये स्टॅव्हुडिन हळूहळू बंद करायला सांगितले.

आता बहुतेकांना टीएलडी मिळते. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन प्रत्येकी ३०० मिलिग्रॅम, डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम, सगळे एकाच गोळीत, दिवसातून एकदा. जेवणाआधी घ्या, नंतर घ्या, वेळ मात्र एकच ठेवा. झोप उडत असेल तर सकाळी घ्यावी. काहींचे वजन वाढते. अंगावर मांस चढले की आपल्याकडे ‘औषध मानवले’ म्हणतात, त्यामुळे ही तक्रार दवाखान्यापर्यंत पोचतच नाही, साखर मात्र तपासायची राहून जाते. टेनोफोव्हिर मूत्रपिंडाला जपून द्यावे लागते, त्यासाठी क्रिएटिनिनची तपासणी असते.

आता लपवण्याकडे येतो. डोल्युटेग्राव्हिरला धातूंचे वावडे आहे. पोटात लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम किंवा अॅल्युमिनियम असले की औषध त्यांना चिकटते आणि आतड्यातून रक्तात पुरेसे उतरत नाही. म्हणून ही गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. लोह-कॅल्शियम जेवणासोबत असेल तर एकत्र चालते, आम्लपित्ताच्या गुलाबी औषधाला मात्र ही सवलत नाही. आता गरोदर बाई डोळ्यांपुढे आणा. आशाताई लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या देऊन जातात. आशाताई गावातल्याच, कदाचित भावकीतल्या. बाई त्यांना काही सांगत नाही आणि सगळ्या गोळ्या एकदम, रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर गिळते. औषध घेतले ते खरे, अंगी किती लागले कोण जाणे.

मधुमेहाचेही तसेच. डोल्युटेग्राव्हिरने रक्तातले मेटफॉर्मिन वाढते, म्हणून मेटफॉर्मिनचा डोस सहसा दिवसाला एक हजार मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. फिट्सवरच्या फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिनने उलट डोल्युटेग्राव्हिर कमी पडते. क्षयरोगातल्या रिफाम्पिसिननेही तेच होते, तेव्हा डोल्युटेग्राव्हिरची आणखी एक गोळी बारा तासांच्या अंतराने द्यावी लागते. अंगदुखीसाठी गल्लीतल्या डॉक्टरांकडून घेतलेले डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन टेनोफोव्हिरसोबत मूत्रपिंडाला भारी पडू शकते. यातली प्रत्येक गोष्ट डॉक्टरांना ठाऊक आहे किंवा पाच मिनिटांत पाहता येते. फक्त ‘आणखी काही चालू आहे का?’ या प्रश्नाला रुग्ण ‘शक्तीची गोळी’ म्हणतो.

सुरुवातीचे आठवडे वेगळेच फसवे. प्रतिकारशक्ती जागी होते आणि अंगात दबा धरून बसलेल्या क्षयरोगाशी भांडू लागते. ताप येतो, गाठी सुजतात. ‘गोळ्या बाधल्या’ म्हणून माणूस डबी बाजूला ठेवतो. म्हणून औषध सुरू करण्याआधी क्षयरोग शोधतात, आणि मेंदूच्या आवरणाचा क्षय असेल तर ही औषधे काही आठवडे मुद्दाम लांबवतात. गोळ्या परस्पर बंद करण्यात दुसराही फटका आहे. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन हिपॅटायटिस बी विषाणूलाही दाबून ठेवतात. तो संसर्ग असलेल्याने त्या एकाएकी थांबवल्या तर यकृत भडकू शकते. एखादी गोळी चुकली तर आठवताच घ्यावी. पुढच्या गोळीला चार तासही उरले नसतील तर ती सोडून द्यावी, दोन एकदम गिळू नयेत.

नियमित घेतलेल्या गोळीचे फळ काय, याचा मोठा पुरावा पुण्यातूनही गेला. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतली जोडपी ज्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात होती, त्याने २०११मध्ये दाखवले की लवकर औषध सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. पुढच्या अभ्यासांनी चित्र आणखी स्वच्छ केले: रक्तात विषाणू मोजता येण्याइतकाही उरला नाही आणि तो तसाच दबून राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराकडे जात नाही. हे एवढे घरात नीट कळले असते तर निम्म्या सुपारीच्या डब्यांची गरज पडली नसती.

कायदा गुपिताच्या बाजूने आहे, आणि असायलाच हवा. २०१७चा एचआयव्ही कायदा सप्टेंबर २०१८मध्ये लागू झाला. संमतीशिवाय कुणाचा आजार उघड करायला त्यात मनाई आहे, आणि नोकरीत किंवा दवाखान्यात भेदभाव करायलाही. पण दसऱ्यानंतर बीडहून टोळीबरोबर कारखान्यावर निघालेल्या ऊसतोड मजुराला त्या कलमांचा आधार कोपीत कितीसा मिळणार? तिथे भिंत पाचटाची असते आणि शेजारी चुलत्याचा संसार. हंगाम पाच-सहा महिन्यांचा. केंद्राला आधी सांगितले तर जास्त महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात किंवा कारखान्याजवळच्या केंद्रात नाव हलवता येते. पण जवळच्या केंद्रात टोळीतले कुणी पाहील ही धास्ती असतेच.

हंगाम संपवून तो परततो तेव्हा समुपदेशक नेहमीप्रमाणे जुनी डबी मागतात, उरलेल्या गोळ्या मोजायला. डबी नसते. ‘संपल्या,’ तो म्हणतो, आणि कागदावर तसे लिहिले जाते.