असुरबनिपालाचे नाव

नरकचतुर्दशी जवळ आली, की आमच्या उमरीच्या महाविद्यालयातला कोणी ना कोणी विद्यार्थी मला हटकून विचारतो, "सर, तो असुरबनिपाल राजा आपल्या पुराणातल्या असुरांपैकीच का हो?"

प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारख्या थोर पंडितानेही आपल्या ‘असुर’ शब्दाचा असिरियाशी संबंध जोडून पाहिला होता. परंतु आज भाषेचे अभ्यासक ‘असुर’ची सोयरीक जुळवतात ती इराण्यांच्या ‘अहुर’शी. असिरियाच्या राजाच्या नावातला ‘अशुर’ हा तिथल्या एका नगराचा आणि त्या नगराच्या देवाचा. ‘अशुर-बानि-अपलि’ म्हणजे ‘वारसपुत्राचा निर्माता अशुर’. आपल्या ‘देवदत्ता’सारखेच हे देवाचे ऋण मानणारे नाव!

राजा मात्र देवमाणूस नव्हता. इ. स. पूर्व ६६९ च्या सुमारास तो गादीवर बसला. आजच्या इराकातील मोसुलजवळचे निनवे ही त्याची राजधानी. एलाम देशाचे सुसा नगर त्याने धुळीस मिळवले. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या एका कोरीव शिलेवर तो द्राक्षवेलीच्या मांडवाखाली राणीसह मद्यपान करीत पहुडला आहे, आणि शेजारच्या झाडाला एलामच्या राजाचे तोडलेले मस्तक टांगले आहे!

पण याच राजाला अभिमान होता तो आपल्या अक्षरओळखीचा. शिकारीच्या चित्रांतसुद्धा त्याच्या कमरपट्ट्यात बोरू खोवलेला दिसतो. बाबिलोनच्या मुलखातून मातीच्या लेखपाट्या गोळा करून आणण्याचे त्याचे हुकूम होते. शकुन, मंत्र, औषधी, शब्दकोश, पुराणकथा असे सारे त्याने जमवले. पाटीच्या शेवटी शाप असे : जो ही उचलून नेईल, त्याचे नाव आणि वंश देव पुसून टाकोत.

दैवाचा खेळ असा, की नाव पुसले गेले ते त्याचेच. इ. स. पूर्व ६१२ मध्ये शत्रूंनी निनवे जाळले. पुढे ग्रीकांनी त्याच्या नावाचे ‘सार्डानापालस’ केले आणि बायकांत रमणारा एक नादान, विलासी राजा रंगवला. बायरनने १८२१ मध्ये नाटक लिहिले ते या सार्डानापालसवर. दोन हजार वर्षे जगाला ठाऊक होता तो हाच.

मग १८५३ मध्ये मोसुलच्याच होरमुझ्द रस्साम यांना त्याचा राजवाडा सापडला. निनवेतून निघालेले लेखपाट्यांचे तीस हजारांहून अधिक तुकडे आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ज्या आगीत नगर जळाले, तिनेच कच्च्या पाट्या भाजून टिकाऊ केल्या! १८७२ मध्ये जॉर्ज स्मिथ यांनी एका पाटीवरची महापुराची कथा वाचून दाखवली, तेव्हा जग चकित झाले. आपल्याला मात्र मनू आणि त्याची नौका आठवावी. पाट्या शाप न जुमानता लंडनला गेल्या, आणि राजाचे खरे नाव त्यांनीच परत मिळवून दिले.

इतक्या लांबची ही कथा आम्हा मराठवाड्याच्या लोकांनी का ऐकावी? राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. ते लट्टलूर म्हणजे आपले लातूर, असे मानले जाते. त्यांच्यातल्या अमोघवर्षाने नवव्या शतकात लढाया केल्या, त्या आज कोणाला आठवतात? पण त्याच्या दरबारी तयार झालेला ‘कविराजमार्ग’ हा कन्नड ग्रंथ अजून अभ्यासला जातो. कन्नड मुलखाची सीमा त्यात कावेरीपासून थेट आपल्या गोदावरीपर्यंत सांगितली आहे. नगरे मोडतात, राज्ये जातात. नाव तगते ते लिहिलेल्या अक्षराच्या आधाराने.

आणि आपण त्या अक्षराचे काय करतो? गोदाकाठच्या एका गावी जुन्या पोथ्यांची चौकशी करीत मी गेलो होतो. घरचे आजोबा म्हणाले, "गुरुजी, फाटकी पोथी घरात ठेवू नये म्हणतात. दोन गाठोडी होती, गंगेला दिली."

"सगळी?"

"ही एक वही राहिली बघा. पोरांनी चुलीला घेतली होती, म्हातारीने ओढून काढली."

वहीत अर्धे अभंग होते, अर्धी गुरांची औषधे, आणि मध्येच कुणाला किती पायली ज्वारी दिली त्याचा हिशेब. असुरबनिपालानेही याहून फार निराळे काय जमवले होते? फरक एवढाच, की त्याची माती आगीत पक्की झाली. आपला कागद आगीत जळतो, पाण्यात विरतो आणि उरला तर वाळवी खाते.

वाचकहो, दिवाळीच्या झाडलोटीत माळ्यावरून एखादे रुमालात बांधलेले बाड खाली येईल. ते गंगेला देण्याआधी गाठ सोडून एकदा वाचा. मोडी असेल तर मोडी जाणणाऱ्याला दाखवा. आत कोणा राजाचे नाव नसेलही. तुमच्या पणज्याचे मात्र नक्की असेल.